रायफलीचा दुसरा बार

१

अनिलकुमार पंपघराच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. धावत येणाऱ्या नीलाला लांबून तरी तसंच वाटलं. हत्तींना चुकवायला आडोसा धरून बसला असेल, असं म्हणून ती दोन पावलं सावकाश झाली. मग खाकी शर्टावर पसरत चाललेला डाग दिसला.

बार ऐकूनच ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडली होती. धाड्! आणि त्याला लागूनच दुसरा, धाड्! एका श्वासात दोन. रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात हत्ती उतरले होते आणि तिचे वडील अण्णा रायफल घेऊन गच्चीवर गेले होते, तेव्हा बार व्हायचाच होता. हवेत बार काढून हत्ती हुसकायचे, हा काटकरांच्या मळ्यावरचा जुना रिवाज. पण बारामागोमाग माणूस ओरडला होता, आणि तो आवाज नीलाच्या ओळखीचा होता.

ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. "अनिल... अनिल, इकडे बघ."

"बाजूला हो, अक्का! श्वास आहे का बघू दे." गोठ्याकडून धापा टाकत त्रिविक्रम आला होता. तिचा चुलतभाऊ. त्याने तिला खांद्याला धरून मागे सारलं, अनिलकुमारच्या छातीला कान लावला, शर्ट चाचपला, मनगट धरलं आणि मान हलवली. मग वर गच्चीकडे पाहिलं. "काका! काका, थांबा, चाप ओढू नका!" असं ओरडत तो घराकडे पळाला.

नीलाने वर पाहिलं. कठड्याशी अण्णा उभे होते, हंबीरराव काटकर, सत्तरी ओलांडलेले, रायफल छातीशी धरून. ते खाली बघत होते, आणि बघत होते ते अनिलकुमारकडे नाही. तिच्याकडे.

थोड्या वेळाने सगळे खाली जमले. मावशी आली, मुकादम कृष्णाजी फाटकाकडून पळत आला. त्रिविक्रमच्या हातात आता अण्णांची रायफल होती. "वर काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या पडल्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्या बाराला काकांचा हात हलला असणार. वय झालं. अपघात आहे हा, सगळ्यांनी तेच सांगायचं."

"कुणी कुणासाठी खोटं बोलायचं नाही," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "दोन्ही बार माझे. गोळी माझी."

मावशी मात्र खाली वाकून जखम पाहत होती. बराच वेळ पाहून ती उठली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "हत्तींना भिववायला हवेत मारलेली गोळी अशी नेमकी काळजात शिरत नाही. ही नेम धरून मारलीय."

२

सुनंदाबाई म्हणजे नीलाच्या आईची धाकटी बहीण. सरकारी प्रयोगशाळेत बंदुका, गोळ्या आणि पुंगळ्या तपासण्यात तिची नोकरी सरली होती. रविवार म्हणून बंगळूरहून पहाटेच्या बसने आनेकलला उतरली, कृष्णाजीने तिला बैलगाडीतून मळ्यावर आणलं, आणि तिच्यामागेच रस्ता बंद झाला.

बंद कसला, हत्तींनी अडवला. बन्नेरघट्ट्याच्या रानातून दरवर्षी रागी पिकली की कळप उतरायचा आणि उजाडायच्या आत परत जायचा. यंदा कळपात नुकतं जन्मलेलं पिल्लू होतं. ते चालेना, म्हणून कळप हलेना. बाराच्या आवाजाने हत्ती शेतातून निघाले ते, कृष्णाजी घराशी पोचतो न पोचतो तोच, थेट घर आणि फाटक यांच्यामधल्या निलगिरीच्या राईत शिरले आणि तिथंच उभे राहिले. वाटेत एका हत्तिणीने टेलिफोनचा खांब आडवा केला. फोन उचलला तर नुसती शांतता. आनेकलच्या पोलिसांना कळवायचं कसं आणि कुणी?

अनिलकुमारला त्यांनी धान्याच्या खोलीत खाटेवर ठेवलं. नीलाने त्याच्या अंगावर स्वतःची शाल घातली आणि दार ओढून घेतलं. आता त्या घरात पाच जिवंत माणसं होती आणि बाहेर पडायला वाट नव्हती. खिडकीतून पाहिलं की झाडांमधून करडी पाठ हलताना दिसे. राईतून फांद्या मोडल्याचा कडाकड आवाज येई.

"अनिलकुमार सकाळी कशाला आला होता, ते मला पुन्हा एकदा नीट सांग," मावशी नीलाला म्हणाली. "मी आले तेव्हा तुमचा फराळ अर्धा झाला होता."

नीलाने सांगितलं. गेल्या महिन्यात ओढ्याकाठी एक सुळेवाला हत्ती मरून पडला होता, सुळे करवतीने कापलेले. अनिलकुमार या भागाचा वनाधिकारी. तपास त्याच्याकडे होता. हत्तीच्या डोक्यातून काढलेली गोळी रुमालात गुंडाळून तो आला होता. फराळाच्या ताटांमध्येच त्याने ती उलगडून ठेवली आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "अण्णा, क्षमा करा. एवढ्या मोठ्या बोराची, एवढ्या रुंद नळीची रायफल या तालुक्यात तुमचीच एक आहे. गोळीवर नळीचे ओरखडे राहतात. मी रायफल नेतो, लॅब सांगेल खरं काय ते. तुमची नसेल तर सगळ्यांना कळेल, सरी? ठीक ना?"

"आणि दाजी?"

"ताटावरून उठले."

"आणि तू?"

नीला त्याला मागच्या पडवीत घेऊन गेली होती आणि भांडली होती. तीन वर्षं तो या घरी येत होता. तो कशासाठी येतो हे सगळ्यांना कळत होतं आणि अण्णांसमोर कुणी ते बोलत नव्हतं. "माझ्या वडिलांना चोर ठरवायला आलास? परत या दारात पाऊल ठेवू नकोस," असं ती ओरडली होती. ते त्याच्याशी तिचं शेवटचं बोलणं.

"घरभर ऐकू गेलं ते," मावशी म्हणाली. रागाने नव्हे, नुसती नोंद केल्यासारखी. "ती गोळी आता कुठंय?"

"त्याच्या शर्टाच्या खिशात. माझ्यादेखत ठेवली त्याने."

"मी आत्ताच पाहिलं. खिसा रिकामा आहे."

३

मावशीने कृष्णाजीला पहिल्यांदा बोलावलं. तो हातातली टोपी चुरगाळत उभा राहिला. त्याचं आणि अनिलकुमारचं वाकडं होतं, हे सगळा गाव जाणत होता. त्याच्या भावाला रानात गुरं चारल्याबद्दल अनिलकुमारने कोर्टात उभं केलं होतं.

"मी फाटकापाशी फटाक्यांच्या माळा लावत होतो, अक्का," तो मावशीला म्हणाला. "राईतल्या सरळ वाटेतून तुम्ही समोरच्या खिडकीत दिसत होता, मी तुम्हाला हात केला."

"केलास. मी पाहिलं. बार ऐकलेस?"

"दोन. एकामागं एक. फटाक्याचा आवाज वेगळा, तो मला कळतो. यजमानांची रायफल ऑटोमॅटिक, तिला काय वेळ लागतो!"

त्रिविक्रमही तेच म्हणाला. तो हत्तींची चाहूल लागताच गोठ्यात गेला होता, गुरं बिथरू नयेत म्हणून. तिथून दोन बार ऐकले, पळत आला. "मावशी, तुम्ही प्रयोगशाळेतल्या. तुम्हाला खुनाशिवाय काही दिसत नाही. पण काकांना या वयात जेलमध्ये बघवेल का तुम्हाला? स्वल्प विचार करा. अपघात म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं?"

"ज्याचं बिघडलं तो धान्याच्या खोलीत आहे," मावशी म्हणाली.

दुपारचं ऊन पत्र्यावर तापायला लागलं होतं. अण्णा दिवाणखान्यात आरामखुर्चीवर बसून होते. नीलाने त्यांच्यापुढे चहा ठेवला. तिला त्यांच्याकडे बघवेना. माणूस मारून हे इतके शांत कसे बसले? त्यांना रायफल द्यायची नव्हती एवढ्यासाठी? का अनिल जावई म्हणून नको होता, त्याचाही हिशेब त्यांनी एकाच गोळीत पुरा केला? लहानपणापासून ज्यांच्या खांद्यावर ती वाढली त्यांच्यासोबत एका खोलीत तिचा जीव गुदमरत होता, आणि आवार सोडून जायची सोय नव्हती.

अण्णांनी कप उचलला आणि लगेच खाली ठेवला. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट लाल झालं होतं, टोकाला फोड आले होते.

"दाजी, हे कशाने भाजलं?" मावशीने विचारलं.

"नळी तापते."

"नळी डाव्या हातात असते."

अण्णांनी हात धोतरात लपवला. "सुनंदाबाई, मी कबूल केलंय. आणखी काय पाहिजे तुम्हाला? पोलीस आले की मी त्यांच्या गाडीत बसतो. तोवर कुणी कुणाला काही विचारू नका. विशेषतः नीलाला काही विचारू नका."

मावशीने मान वर केली. "नीलाला का नको?"

अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले.

मावशी गच्चीवर जाऊन आली होती. तिथं सापडलेल्या दोन पुंगळ्या तिने पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या. त्या काढून ती उजेडाला धरू लागली. पितळेच्या दोन नळकांड्या, मधल्या बोटाएवढ्या लांब. नीलाच्या नजरेला दोन्ही सारख्याच दिसल्या. पण मावशी एकीच्या तोंडावरून नख फिरवत राहिली. ते तोंड एका बाजूने चेपलं होतं, कडेला सुरीने उकरल्यासारखे ओरखडे होते. दुसरी पुंगळी गोल आणि स्वच्छ होती.

"नीला, बार झाले तेव्हा तू एकटीच होतीस ना?"

"स्वयंपाकघरात."

"तुला कुणी पाहिलं?"

"नाही." मग नीलाच्या लक्षात आलं. "मावशी, तुला काय म्हणायचंय? मी? मी अनिलला?"

"तू जिल्ह्यात नेमबाजीत पहिली आलेली. तू त्याच्याशी भांडलीस. तो तुझ्या वडिलांना तुरुंगात घालायला निघाला होता. पोलीस हेच विचारतील, म्हणून मी आधी विचारते."

इतका वेळ दाबून धरलेलं नीलाच्या तोंडून बाहेर पडलं. "मला काय विचारतेस? त्यांना विचार! मारलं त्यांनी, आणि बसलेत चहा घेत!"

आरामखुर्चीतले अण्णा झटक्यात वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते तिच्याकडे असे बघत होते की जणू तिने अनोळखी भाषेत काही म्हटलं असावं.

"मी?" ते म्हणाले. "तुला वाटतं मी मारलं?"

४

"आता सगळे इथं बसा," मावशी म्हणाली. "कृष्णाजी, तूही."

तिने टेबलावरचं कापड बाजूला केलं, अण्णांची रायफल मधे ठेवली आणि काडतुसांची पेटी उघडली. "त्रिविक्रम, तू ही रायफल कधी चालवलीस?"

"छे! काका कुणाला हात लावू देतात?"

"पण चालते कशी ते माहीत आहे?"

"तालुक्याला माहीत आहे. चाप ओढत राहायचा, बार होत राहतात. मॅगझिनमध्ये काडतुसं असेपर्यंत."

"मग भर बरं मॅगझिन. उडवायची नाही, नुसती भर."

त्रिविक्रमने हसून काडतूस उचललं आणि रायफलीखालच्या मॅगझिनमध्ये बसवायला गेला. ते बसेना. टोक पुढे राहायचं. त्याने मागून दाबलं, तिरकं घातलं, उलटं फिरवलं. मग दुसरं काडतूस घेऊन पाहिलं. त्याचं हसू हळूहळू विरलं. काडतूस मॅगझिनपेक्षा लांब होतं, एवढीच साधी गोष्ट होती.

"दाजी, तुम्ही सांगता का मी सांगू?"

अण्णांनी त्रिविक्रमच्या हातातलं काडतूस काढून घेतलं. "फत्तेसिंगाने मोठ्या बोराची रायफल घेतली," ते म्हणाले. फत्तेसिंग म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, त्रिविक्रमचा बाप, चार वर्षांपूर्वी वारलेला. "प्रत्येक बाराला हाताने बोल्ट ओढायची, पण काडतूस केवढं! धाकट्याकडे मोठी रायफल आणि माझ्याकडे ही, ते मला बघवेना. कॅन्टोन्मेंटात एक कारागीर होता, त्याच्याकडून मी हिची नळी बदलून घेतली, फत्तेसिंगाचं काडतूस बसेल अशी. तो म्हणाला होता, साहेब, नळी बदलता येते, धूड बदलता येत नाही. मी ऐकलं नाही. पहिल्याच बाराला अडकली. तेव्हापासून कधी दुसरा बार काढला नाही. लोकांना वाटायचं, हंबीररावाला एकच पुरतो."

"म्हणजे काय?" नीलाने विचारलं.

"म्हणजे असं," मावशी म्हणाली आणि बोल्ट मागे ओढून दाखवला. "आपोआप भरणाऱ्या रायफलीत बाराच्याच धक्क्याने हा बोल्ट मागे जातो. जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकतो, आणि स्प्रिंगने परत येताना खालचं नवं काडतूस ढकलत नळीत नेतो. त्यासाठी त्याला काडतुसाच्या लांबीहून जास्त मागे जायला जागा लागते. काडतूस मोठं घेतलं की धूड, म्हणजे बोल्टाभोवतीचा हा सांगाडा, लांब हवं, बोल्ट जड हवा, स्प्रिंग दणकट हवी, नाहीतर धक्का सोसत नाही. इतकं वजन होतं की खांद्यावर घेऊन फिरायला नको. म्हणून त्या काळच्या मोठ्या शिकारी रायफली बहुतेक हाताने बोल्ट ओढायच्याच असत. हिचं धूड बेताच्या काडतुसाला बांधलेलं. बोल्ट मागे आदळतो, पण पुंगळीला बाहेर पडायला पुरेशी वाट होत नाही. ती अर्ध्यात अडकते, तिचं तोंड कडेवर चेपतं. मग चाकूने उकरा, गरम पुंगळी बोटाने उपसा, आणि नवं काडतूस हाताने घाला. एका श्वासात दोन बार या रायफलीतून निघणं शक्य नाही."

बाहेर एक हत्तीण गुरगुरली, आणि खिडकीची काच हलकीशी थरथरली.

मावशीने दोन्ही पुंगळ्या टेबलावर उभ्या केल्या. "ही चेपलेली दाजींची. तिनेच त्यांची बोटं भाजली. ही गोल पुंगळी त्याच काडतुसाची, पण या रायफलीतून आलेली नाही. ती हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीतून, सरळ, मोकळी बाहेर पडली. म्हणजे पहिला बार दाजींनी हवेत काढला. त्याची वाट बघत कुणीतरी नेम धरून बसलं होतं, त्याने त्या आवाजाला चिकटून दुसरा काढला. आणि मग आपली पुंगळी गच्चीवर नेऊन टाकली. ही रायफल ऑटोमॅटिक आहे यावर त्याचा पक्का विश्वास होता."

"तसा विश्वास सगळ्यांचाच होता," त्रिविक्रम म्हणाला. "अक्काचाही."

"होता. पण नीला अनिलकुमारजवळून हलली नाही. कृष्णाजी मला समोर दिसत होता. माझ्याआधी गच्चीवर एकच माणूस गेला, दाजींच्या हातातून रायफल घ्यायला. आणि पुंगळ्या दोन आहेत हे आम्हाला सांगितलं तेही त्यानेच. अनिलकुमारचा शर्ट चाचपलाही त्यानेच."

"मी श्वास बघत होतो! आणि दुसरी रायफल आणू कुठून? बाबांची तर केव्हाच बंगळूरच्या दुकानात जमा केली मी!"

"फोन सुरू झाला की दुकानात विचारू. पण त्याची गरज पडू नये. सकाळपासून या आवाराबाहेर कुणालाच जाता आलेलं नाही. म्हणजे ती रायफलही इथंच आहे. कृष्णाजी, तू गोठ्याच्या माळ्यावरची वैरण उपसून बघ. तिथून पंपघर सरळ समोर दिसतं."

कृष्णाजी उठला. त्याच्याआधी त्रिविक्रम उठला. खुर्ची पाडून तो समोरच्या दाराकडे धावला, कडी काढली, दार सताड उघडलं.

अंगणात फणसाच्या झाडाखाली हत्तीण उभी होती, पिल्लू पायांत घेऊन. तिचे कान उभे राहिले. तिने सोंड वर केली आणि एक पाऊल पुढे टाकलं. त्रिविक्रम उंबऱ्यावर थिजला. त्याने आत पाहिलं, बाहेर पाहिलं. मग हळूहळू मागे सरला, दार लावलं, आणि कडीही त्यानेच घातली.

५

मागच्या दाराने गोठ्यात गेलेल्या कृष्णाजीला रायफल वैरणीतच सापडली, गोणपाटात गुंडाळलेली. त्याने ती आणून अण्णांच्या रायफलीशेजारी ठेवली. त्रिविक्रम जमिनीवर बसला होता. त्याने कमरेच्या गाठीतून रुमाल काढून टेबलावर सरकवला. आत ती गोळी होती.

"का?" नीलाने विचारलं. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"त्याला मारायचं नव्हतं मला. हत्तीच मारला होता." तो खाली मान घालून बोलत होता. "तो म्हणाला, गोळीवरून रायफल ओळखता येते. काकांची नाही असं ठरलं की पुढचा प्रश्न एकच, मग कुणाची? या काडतुसाच्या दोनच रायफली होत्या. मला वाटलं, गोळी गेली आणि काकांचा हात हलला म्हटलं, तर म्हाताऱ्या माणसाला कोण फाशी देतंय! घरातच राहिले असते ते. मी सांभाळलं असतं."

अण्णा उठले. त्यांनी हात उगारला, मग तो तसाच खाली घेतला आणि कृष्णाजीला म्हणाले, "याला माझ्यासमोरून ने."

कृष्णाजीने त्याला कोठीच्या खोलीत बंद केलं आणि बाहेर बसून राहिला. मावशी रायफली, पुंगळ्या आणि गोळी कपाटात कुलूप लावून ठेवायला गेली. दिवाणखान्यात बाप-लेक उरले.

"तुम्ही गच्चीवरून माझ्याकडे का बघत होता?" नीलाने विचारलं.

"दुसरा बार झाला तो फत्तेसिंगाच्या रायफलीचा आवाज होता. तो मी झोपेतही ओळखीन. त्या रायफलीवर नेम धरायला त्याने तुलाच शिकवलं होतं. मी खाली बघितलं तर अनिल पडलेला आणि तू त्याच्याकडे धावत चाललेली. थोड्या वेळापूर्वी तुझं ओरडणं ऐकलं होतं. रायफल कुठून आली, कशी आली, मी काही विचार केला नाही. म्हटलं, माझ्यापायी पोरीने हे केलं. आता हे आपल्या अंगावर घ्यायचं."

"आणि मला वाटलं, तुम्हीच."

"हो. ऐकलं मी."

नीला खिडकीशी गेली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. राग आला. "अण्णा, 'मी एकच बार काढला' एवढं तुम्ही सकाळीच बोलला असता तर? दिवसभर मी तुमच्याकडे खुनी म्हणून बघितलं. त्याच्याजवळ जाऊन बसले नाही. वाटलं, मारणाऱ्याची मुलगी कुठल्या तोंडाने बसेल?"

"बोललो असतो तर पोलिसांनी तुला धरलं असतं."

"तुम्हाला माझ्याबद्दल असं वाटूच कसं शकलं?"

"तुला माझ्याबद्दल कसं वाटलं?"

अण्णा पुन्हा खुर्चीत बसले. भाजलेली बोटं आता त्यांनी लपवली नाहीत.

ऊन कलताना आनेकलच्या बाजूने ढोल-ताशे ऐकू आले. बार ऐकून आणि आडवा खांब बघून शेजारच्या गावाने वनखात्याला कळवलं होतं. माणसांची लांब रांग आरडाओरड करत राईपर्यंत आली. हत्तिणीने पिल्लाला सोंडेने पुढे ढकललं, आणि कळप एकामागे एक ओढ्याकडे उतरला. वाट मोकळी झाली. पाठोपाठ पोलिसांची गाडी आली. त्यांनी त्रिविक्रमला नेलं.

अनिलकुमारला सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. वनखात्याच्या जीपमध्ये त्याला ठेवताना त्याचा एक सहकारी नीलाला हळूच म्हणाला, "अक्का, त्यांची आई के. आर. पुरमला एकट्या असतात. त्यांना सांगायला कुणीतरी..."

"मी जाते," नीला म्हणाली.

ती दुसऱ्या जीपमध्ये चढली. मावशी तिच्याशेजारी बसली. गाडी सुरू झाली तेव्हा अण्णा पायऱ्या उतरून आले, अनवाणीच. त्यांनी जीपच्या दाराला हात लावला. "मी येऊ?"

तीन वर्षांत अनिलकुमारच्या आईने त्यांना दोनदा बोलावणं धाडलं होतं. दोन्ही वेळा त्यांना वेळ नव्हता. नीलाने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या मनात नाही म्हणायचं होतं. मग ती सरकून बसली.

के. आर. पुरमला रेल्वे फाटकाशी जीप बराच वेळ थांबली, मालगाडी जाईपर्यंत. स्टेशनामागच्या गल्लीत एका दाराशी ताजी रांगोळी होती. नीलाने कडी वाजवली. आतून चपलांचा आवाज आला, आणि "अनिल्, बंद्या?", आलास का, असं हसत विचारत एका बाईने दार उघडलं.

नीलाने अण्णांकडे पाहिलं. तेव्हा अण्णा तिच्या पुढे झाले, त्यांनी त्या बाईला हात जोडले, आणि आपल्या तुटक कानडीत, एकही शब्द न टाळता, झालं ते सगळं सांगायला सुरुवात केली.